पालघर स्टेशनवरचा खसखशीचा दाणा

चर्चगेटहून डहाणू रोडला निघालेल्या लोकलपुढे सुमारे १२४ किलोमीटरचा रूळ असतो. पालघर-बोईसरच्या माणसाला हा मार्ग पाठ असतो. विरारनंतर बसायला जागा कधी होते, वैतरणेचा पूल केव्हा लागतो, सफाळे गेलं की पिशव्या कधी आवरायच्या, हे त्याला घड्याळ न बघता कळतं. अवकाशातली अंतरं मात्र कुणाच्याच अंगवळणी पडलेली नसतात. कोटी, अब्ज असे शब्द कानावर पडतात आणि तसेच निघून जातात. म्हणून आज ही अंतरं मोजायला आपल्या रोजच्या पायाखालचीच रेल्वेलाइन घेऊ.

एकच नियम ठरवू. अवकाशातले ५० लाख किलोमीटर म्हणजे रुळावरचा एक किलोमीटर. त्याच हिशेबाने अवकाशातले पाच किलोमीटर म्हणजे आपल्याकडचा एक मिलिमीटर.

आता सूर्य चर्चगेटला ठेवा. तो २७८ मीटर व्यासाचा धगधगता गोळा होईल, सुमारे नव्वद मजली इमारतीएवढा उंच. बुध माटुंगा रोड-माहीमच्या आसपास येईल, तर शुक्र जवळजवळ नेमका अंधेरीला. पृथ्वी ३० किलोमीटरवर, मालाड आणि कांदिवलीच्या मध्ये. तिचा व्यास अडीच मीटर, म्हणजे घरातल्या एका खोलीत कशीबशी मावेल एवढी. तिच्यापासून ७७ मीटरवर ७० सेंटिमीटरचा चंद्र. मंगळ साडेपंचेचाळीस किलोमीटरवर, म्हणजे भाईंदर सोडून गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर असताना.

गुरू थेट १५६ किलोमीटरवर. डहाणू मागे टाकून, महाराष्ट्राची हद्द ओलांडून, वापीच्या थोडं अलीकडे. त्याचा गोळा २८ मीटरचा. शनी सूरतच्या पुढे. नेपच्यून ९०० किलोमीटरवर, राजस्थानातल्या कोट्याच्या आसपास. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? याच मापाने तो ८० लाख किलोमीटर दूर जातो. पृथ्वीपासून खराखुरा चंद्र जेवढा लांब आहे, त्याच्या वीस पटींहून जास्त.

मंगळ वसईच्या खाडीवर आणि गुरू वापीपाशी. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे. पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.१ पटीपासून सुमारे ३.२७ पटीपर्यंत तो पसरलेला आहे. रुळावर मोजलं तर ६३ किलोमीटर ते ९८ किलोमीटर. विरार सोडल्यावर तो सुरू होतो, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी स्टेशनं घेतो आणि बोईसर यायच्या आधी संपतो. लाखो लघुग्रहांची ही वस्ती आपल्या मांडणीत पालघर जिल्ह्यातच येते.

वस्ती, पण कशी?

या पट्ट्यातला सर्वांत मोठा सभासद सेरेस. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेतून जुझेप्पे पियाझी यांनी तो पहिल्यांदा पाहिला. आज त्याला बटुग्रह म्हणतात. व्यास सुमारे ९४० किलोमीटर. आपल्या मापात तो १९ सेंटिमीटरचा, न सोललेल्या नारळाएवढा होतो. सूर्यापासूनचं त्याचं सरासरी अंतर रुळावर मांडलं तर ८३ किलोमीटर येतं, आणि ते स्टेशन आहे केळवे रोड. केळव्याच्या वाड्यांमधला एक नारळ उचलून फलाटावर ठेवला, की सेरेस झाला. वेस्टा त्याच्या अलीकडे, वैतरणा ओलांडल्यावर, दहा सेंटिमीटरची. हायजिया पालघर आणि उमरोळीच्या मध्ये.

हे झाले थोर. बाकीच्यांचं काय? एक किलोमीटरहून मोठे लघुग्रह ११ ते १९ लाख असावेत असा अंदाज आहे. मधला आकडा, १५ लाख, घेऊ. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. म्हणजे जिल्ह्यातल्या दर दोन माणसांमागे एक डोंगराएवढा दगड. एवढं ऐकलं की डोळ्यांसमोर गर्दी उभी राहते. सिनेमातलं अवकाशयान दगडांच्या गर्दीतून वाट काढत जाताना आपण पाहिलेलं असतं.

आता हिशेब करू. पट्टा म्हणजे सरळ रेषा नव्हे, ते सूर्याभोवतीचं कडं आहे. चर्चगेटवर कंपासाचं टोक ठेवून ६३ आणि ९८ किलोमीटरची वर्तुळं काढली, तर मधलं कडं मुरूड-जंजिरा, लोणावळा, शहापूर, पालघर असं फिरून अरबी समुद्रातून परत येतं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १७,७०० चौरस किलोमीटर भरतं, पालघर जिल्ह्याच्या तिपटीहून जास्त. यात १५ लाख लघुग्रह सारखे वाटून टाकले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तीन एकर येतात. आणि त्या तीन एकरांत ठेवायचं काय? एक किलोमीटरचा लघुग्रह आपल्या मापात ०.२ मिलिमीटर होतो. तीन एकरांच्या शेतात बारीक रव्याचा एक कण.

तेही सगळे कण जमिनीवर चपटे अंथरले तर. प्रत्यक्षात त्यांच्या कक्षा वरखाली कललेल्या असतात, त्यामुळे पट्ट्याला जाडीही आहे. ती दहा कोटी किलोमीटर धरली, तर कणा-कणातलं सरासरी अंतर आपल्या मापात सहाशे मीटरच्या वर जातं. अवकाशात ते ३० लाख किलोमीटर होतं, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या आठपट. दगडावर उभं राहून पाहिलं तर शेजारचा दगड क्वचितच दिसेल, आणि दिसलाच तर ताऱ्यासारखा एक ठिपका. १९७२ साली पायोनियर १० हे यान या पट्ट्यात शिरलं आणि सुखरूप पार झालं. त्यानंतर गेलेली यानंही पार झाली.

सगळ्या पट्ट्याचं वस्तुमान एकत्र केलं तरी ते चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरतं. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या सेरेसचा. विरार ते बोईसर आणि मुरूड ते शहापूर पसरलेला हा सगळा माल गोळा करून त्याचा एकच चेंडू केला, तर तो साधारण फुटबॉलएवढा होईल.

एवढी जागा आणि एवढासाच माल का उरला? त्याचं उत्तर वापीजवळच्या गुरूमध्ये आहे. त्याच्या ओढीमुळे इथल्या दगडांना एकत्र येऊन ग्रह होता आलं नाही. पट्ट्यात काही रिकाम्या फटीही आहेत. डॅनिएल कर्कवुड या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्या दाखवल्या. रुळावर ७५ किलोमीटरला, सफाळ्याच्या जरा अलीकडे, अशी एक फट आहे. तिथला दगड गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या करतो. वेळापत्रकच असं जुळतं की गुरूचा ओढा त्याला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसतो, आणि लाखो वर्षांत कक्षा ताणली जाऊन दगड तिथून निघून जातो. बोईसरच्या अलीकडे पट्टा संपतो तिथेही हेच कारण. तिथलं प्रमाण दोनास एक.

एका दाण्याचं वजन

आता एकच लघुग्रह घेऊ. पाच किलोमीटर व्यासाचा, असे हजारो आहेत. आपल्या मापात तो एक मिलिमीटर, म्हणजे खसखशीचा दाणा. त्याला पालघर स्टेशनवर ठेवू. चर्चगेटपासून ९१ किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीनपट.

दाणा म्हटल्यावर तो क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याला क्षणभर खऱ्या आकारात पाहू. पाच किलोमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली तीन कळसूबाई शिखरं. हा गोळा कुटून त्याची खडी केली आणि सगळ्या पालघर जिल्ह्यावर, वसईपासून तलासरीपर्यंत आणि सातपाटीपासून मोखाड्यापर्यंत सारखी पसरली, तर बारा मीटर जाडीचा थर होईल. चार मजली इमारती त्याखाली बुडतील.

दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट धरली तर वजन होतं १६ हजार कोटी टन. हा माल रेल्वेने हलवायचा ठरवू. एका मालगाडीत चार हजार टन भरले, तर चार कोटी गाड्या लागतील. पालघर स्टेशनातून दर दहा मिनिटांनी एक गाडी, रात्रंदिवस, पावसाळ्यातही न थांबता सोडली, तर काम संपायला सुमारे ७८० वर्षं लागतील. आज शेवटची गाडी जायची असेल तर पहिली गाडी देवगिरीवर यादवांचं राज्य असताना, ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधी सुटायला हवी होती.

हा डोंगर सूर्याभोवती सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने धावतो. त्या नुसत्या धावण्यात किती ऊर्जा आहे? तारापूरचं अणुवीज केंद्र भारतातलं पहिलं, १९६९ पासूनचं. त्याच्या चारही अणुभट्ट्यांची क्षमता मिळून १,४०० मेगावॅट. त्या पूर्ण क्षमतेने, एकही दिवस बंद न पडता चालल्या, तर एवढी ऊर्जा तयार करायला त्यांना सुमारे ५ लाख ४० हजार वर्षं लागतील. बुलढाण्यातलं लोणारचं विवर एका लघुग्रहाच्या आघाताने झालं. एका कालमापनानुसार त्याला पावणेसहा लाख वर्षं झाली. लोणारचा खड्डा पडला तेव्हापासून तारापूर अखंड चालू असतं, तर आता कुठे हा हिशेब पुरा झाला असता. मुख्य पट्ट्यातला आपला दाणा मात्र कुणावर आदळायला निघालेला नाही. तो आपल्या वाटेने चालला आहे आणि सव्वापाच वर्षांत सूर्याची एक फेरी पुरी करतो.

आपल्या मांडणीत हा प्रचंड वेग कसा दिसेल? दाणा तासाला बारा मीटर सरकेल. मुंगीसुद्धा त्याच्यापुढे निघून जाईल. आणि प्रकाश? विश्वातला हा सर्वांत वेगवान प्रवासी चर्चगेटहून ताशी २१६ किलोमीटर वेगाने निघेल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होत आहे, तिचा ठरलेला वेग ताशी ३२० किलोमीटर आहे. आपल्या नकाशावर बुलेट ट्रेन प्रकाशालाही मागे टाकेल. सूर्यमाला इतकी मोठी आहे की तिला मुंबई-डहाणूच्या मापात बसवताना प्रकाशालाही एक्सप्रेस गाडीच्या पंक्तीला बसवावं लागतं.

कांदिवलीहून पालघरचा दाणा

आता मुख्य प्रश्न. आपण राहतो पृथ्वीवर, मालाड-कांदिवलीच्या मध्ये ठेवलेल्या अडीच मीटरच्या गोळ्यावर. दाणा आहे पालघरच्या फलाटावर, ६१ किलोमीटर लांब. दिवा आहे चर्चगेटला. तिथून निघालेला उजेड पालघरला पोचायला २५ मिनिटं, दाण्यावर पडून परत कांदिवलीला यायला १७ मिनिटं. दगडही कोळशासारखा काळपट, आलेल्या उजेडातला दहावा भागच परत फेकणारा. कांदिवलीत उभं राहून पालघरच्या फलाटावरचा खसखशीचा दाणा दिसेल का?

नुसत्या डोळ्यांना नाही. गडद अंधारात, जव्हार-मोखाड्याच्या माळावर अमावास्येला दिसणारा सर्वांत मंद तारा घ्या. त्याहून हा दाणा सुमारे एक लाख पट मंद असतो. त्याच्याकडून आपल्या बुबुळात मिनिटाला प्रकाशाचा जेमतेम एखादा कण शिरतो.

म्हणून बुबुळ मोठं करायचं. अंधारात ते सात मिलिमीटर रुंद होतं. हवाई बेटावरच्या हालेआकाला पर्वतावर पॅन-स्टार्स नावाची दुर्बीण आहे, तिचा आरसा १.८ मीटरचा. क्षेत्रफळ बुबुळाच्या ६६ हजार पट. शिवाय डोळा क्षणभरच उजेड साठवतो आणि कॅमेरा पाऊण मिनिट उघडा ठेवता येतो. त्या कॅमेऱ्यात १४० कोटी बिंदू आहेत, भारतातल्या प्रत्येक माणसामागे एक. एका चित्रात पस्तीस पौर्णिमांच्या चंद्रांएवढं आकाश मावतं. आपला दाणा त्यात सहज उमटतो.

पण दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. चित्रात हजारो तारे असतात आणि लघुग्रह अगदी ताऱ्यासारखाच ठिपका असतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की समुद्रात दिवे दिसतात. कुठला दिवा नांगरलेल्या होडीचा आणि कुठला चालत्या, हे एका नजरेत कळत नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा बघावं लागतं. इथेही तसंच. आकाशाच्या त्याच तुकड्याची तासाभरात चार चित्रं घेतात आणि एकामागून एक दाखवतात. तारे जागचे हलत नाहीत. लघुग्रह तासाभरात चंद्राच्या रुंदीच्या साठाव्या भागाएवढा सरकतो. तेवढ्या सरकण्यावरून तो पकडायचा. ठिपका चारही चित्रांत एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने आणि सारख्या तेजाने पुढे गेला पाहिजे. वारली घराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे शेकडो ठिपके असावेत आणि त्यातला एकच रोज बोटभर पुढे सरकावा, तसं हे काम आहे. त्याला लागतो तो संयम, आणि संयम पदवी बघून येत नाही.

टपालवाला, चित्रकार आणि दहावीतल्या मुली

लघुग्रहांच्या इतिहासात हौशी माणसांची मोठी रांग आहे. १८०७ पर्यंत चार लघुग्रह सापडले आणि पुढे वर्षानुवर्षं एकही नवा मिळाला नाही. अनेकांनी शोध सोडून दिला. प्रशियातल्या ड्रीझन गावातले टपाल खात्यातले कार्ल हेन्के यांनी मात्र १८३० च्या सुमारास स्वतःच्या दुर्बिणीतून आकाशाचे नकाशे काढायला घेतले. पंधरा वर्षं ते रात्रीमागून रात्र ठिपके तपासत राहिले. ८ डिसेंबर १८४५ रोजी त्यांना नकाशात नसलेला एक ठिपका दिसला. तो पाचवा लघुग्रह अ‍ॅस्ट्रिया. आपल्या रुळावर त्याची जागा येते सफाळ्याला.

पॅरिसमध्ये हेर्मान गोल्डश्मिट नावाचे चित्रकार एका कॅफेवरच्या खोलीत राहत. छोट्याशा दुर्बिणीतून खिडकीबाहेरचं आकाश बघत त्यांनी १८५२ पासून चौदा लघुग्रह शोधले. त्यातला पहिला ल्युटेशिया. त्यांच्या दृष्टीला तो एक ठिपका होता. १० जुलै २०१० रोजी रोझेटा यान त्याच्या जवळून गेलं आणि शंभर किलोमीटरचा, विवरांनी भरलेला तो खडक माणसाने पहिल्यांदा जवळून पाहिला. चित्रकाराने खिडकीतून दाखवलेल्या पत्त्यावर यान दीडशे वर्षांनी पोचलं.

विसाव्या शतकात जपानच्या हौशी मंडळींनी या कामात कमाल केली. केंझो सुझुकी यांनी १० ऑक्टोबर १९८८ रोजी टोयोटा शहरातून शोधलेल्या ४५३८ क्रमांकाच्या लघुग्रहाला २०१५ साली आपल्या विश्वनाथन आनंद यांचं नाव मिळालं, 'विशीआनंद'. शोध जपानी हौशी निरीक्षकाचा, नाव भारतीय बुद्धिबळपटूचं, आणि दगड मंगळ-गुरूमधला.

भारतातही ही परंपरा जुनी आहे. १८६१ साली मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून त्याचं नावच 'एशिया'. त्यांचा शेवटचा शोध १८८५ चा. मग शंभर वर्षांहून अधिक काळ भारतातून एकही नाही. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी आर. राजमोहन यांनी तमिळनाडूतल्या कावलूरहून ४१३० क्रमांकाचा 'रामानुजन' शोधला तेव्हा ही खंडित ओळ पुन्हा जुळली. मुंबईकर होऊन गेलेल्या पंडित जसराजांचं नाव २०१९ साली एका लघुग्रहाला दिलं गेलं. त्याचा क्रमांक ३००१२८. दोन-दोन अंकांनी उलट वाचला तर २८-०१-३०, पंडितजींचा जन्मदिवस.

हे सगळे वेधशाळांतले किंवा स्वतःची दुर्बीण असलेले लोक. ज्याच्याकडे दुर्बीणच नाही त्याचं काय? २००६ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून पॅट्रिक मिलर यांनी एक आंतरराष्ट्रीय शोधमोहीम सुरू केली. पॅन-स्टार्ससारख्या दुर्बिणींनी घेतलेले चार-चार चित्रांचे संच जगभरच्या शाळांना आणि हौशी गटांना इंटरनेटवरून मोफत पाठवायचे, आणि सरकणारे ठिपके त्यांनी शोधायचे. २०१० पासून भारतातही अशी देशव्यापी मोहीम होते. २०२० साली सूरतच्या दहावीतल्या दोन विद्यार्थिनींनी अशाच मोहिमेत 'एचएलव्ही २५१४' हा लघुग्रह नोंदवला. सूरत आपल्याच लाइनवरचं स्टेशन आहे. त्या मुली ज्या चित्रांकडे पाहत होत्या ती पॅसिफिक महासागरातल्या एका डोंगरावर टिपलेली होती.

ठिपका दिसला की काम संपत नाही. त्याची स्थिती मोजून अहवाल पाठवायचा. तो जुनाच कुणी आहे का, हे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर तपासतं. नवा असला तर पुन्हा निरीक्षणं, मग तात्पुरतं चिन्ह. कक्षा पक्की व्हायला तो सूर्याभोवती पुन्हा पुन्हा दिसावा लागतो, आणि आपल्या दाण्याला एका फेरीलाच सव्वापाच वर्षं लागतात. म्हणून कायमचा क्रमांक मिळायला बहुधा सहा ते दहा वर्षं जातात. त्यानंतर नाव सुचवता येतं, तेही सोळा अक्षरचिन्हांच्या आत. जाहिरातीचं नाव चालत नाही. राजकारणी आणि सेनापती यांच्यासाठी मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. दहावीत ठिपका पाहिलेली मुलगी नोकरीला लागलेली असेल तेव्हा तिच्या ठिपक्याला क्रमांक मिळेल.

पालघर ते उमरोळी

आता एक रास्त शंका. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रं दाखवली. काही तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते. आजवर तेरा लाखांहून जास्त लघुग्रहांची नोंद झाली आहे आणि हा आकडा आता झपाट्याने वाढेल. मग बोईसरच्या खोलीतल्या एका संगणकापुढे बसलेल्या मुलाने काय साधायचं?

याचं उत्तरही आपल्या रुळावरच सापडतं. लघुग्रह आकाशात सरकताना कधीकधी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढून जातो. तारा इतका लांब असतो की त्याच्या उजेडात पडणारी लघुग्रहाची सावली लघुग्रहाएवढीच रुंद राहते. पाच किलोमीटरच्या दगडाची सावली पाच किलोमीटर. ती पृथ्वीवरून सेकंदाला दहा-बारा किलोमीटर वेगाने धावते. सावलीचा पट्टा पालघरवरून जात असेल तर पालघरच्या माणसाला तारा सेकंदाच्या चार दशांश भागाएवढा विझलेला दिसेल, पापणी लवावी तसा. सहा किलोमीटरवरच्या उमरोळीच्या माणसाला तो विझलेला दिसणारच नाही. कोण कुठे उभा होता आणि कुणाला तारा किती वेळ विझलेला दिसला, एवढ्यावरून ३० कोटी किलोमीटरवरच्या दगडाचं आकारमान आणि आकार काढता येतो. दुर्बिणीने थेट बघून हे जमत नाही, तिला तो ठिपकाच दिसतो. हवाईची किंवा चिलीची अवाढव्य दुर्बीण उचलून त्या रात्री पालघरला आणता येत नाही. तिथे पालघरचाच माणूस हवा, मध्यम दुर्बीण आणि अचूक घड्याळ घेऊन. जगभरचे हौशी निरीक्षक हे काम आजही करतात.

महाराष्ट्रात अशा कामाला हात देणारी माणसं आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं रात्रभर आकाशदर्शन घेत आलं आहे. पालघर जिल्ह्याकडे बोईसर एमआयडीसीचे झगमगते दिवे आहेत, तसा तास-दोन तासांवर जव्हार-मोखाड्याचा काळोखही आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असा काळोख मिळणं हे भाग्य आहे.

सरकणारा ठिपका ओळखायला शिकणं ही या कामाची पहिली पायरी, म्हणून पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणूच्या शिक्षकांना एक सांगणं. वर्गातली चार मुलं आणि एक संगणक घेऊन लघुग्रह शोधमोहिमेच्या पुढच्या फेरीला नाव नोंदवा. प्रवेशशुल्क नाही, दुर्बीण लागत नाही, 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिका' नावाची संगणकप्रणाली शिकायला काही संध्याकाळी पुरतात. पहिल्या संचात बहुधा काही मिळणार नाही, दुसऱ्यातही नाही. हेन्के पंधरा वर्षं थांबले होते. पण एका संध्याकाळी चार चित्रं पुढेमागे करताना हजारो स्थिर ठिपक्यांतला एक सरकेल, आणि साडेचारशे कोटी वर्षांच्या सूर्यमालेतला तीन कळसूबाईंएवढा एक दगड माणसाच्या माहितीत पहिल्यांदा येईल. त्याच्या नोंदीपुढे तुमच्या गावाचं नाव असू द्या.